पहिल्यांदा इन्क्युबेटरमध्ये अंडी बसवताना

माझ्या पहिल्या खेपेला मी २४ गावठी अंडी इन्क्युबेटरमध्ये बसवली होती. घर रत्नागिरी जिल्ह्यात, महिना जुलैचा, बाहेर संततधार. यंत्रासोबत आलेल्या कागदावर पाण्याचे ट्रे भरलेले ठेवावेत असे लिहिले होते आणि मी ते तीन आठवडे काठोकाठ भरलेले ठेवले. सातव्या दिवशी अंडी उजेडासमोर धरून पाहिली तेव्हा २४ पैकी २० अंड्यांत लाल शिरांचे जाळे दिसले होते. एकविसाव्या दिवशी ७ पिल्ले बाहेर आली. उरलेल्या १३ अंड्यांची वाट मी तेविसाव्या दिवसापर्यंत पाहिली आणि मग ती एकेक करून फोडली. त्यांतल्या ११ अंड्यांत पूर्ण वाढलेले, पिसे आलेले, चोचीच्या टोकावर पांढरा टणक कण असलेले पिल्लू होते. अंग फुगलेले होते, पिसे चिकट पाण्याने माखलेली होती, आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी, जी तोवर अंड्याच्या सुमारे एकतृतीयांश भागापर्यंत वाढायला हवी होती, ती जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी होती.

त्या अकरा पिल्लांना ऊब कमी पडली नव्हती, अंडी वेळच्या वेळी फिरवली गेली होती आणि बीजही चांगले होते. ती बाहेर येऊ शकली नाहीत, कारण अंड्यातून जितके पाणी उडून जायला हवे होते तितके मी जाऊ दिले नव्हते. नवीन माणसाचे सगळे लक्ष तापमानाच्या आकड्यावर असते आणि तो आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु आजची साधी यंत्रेही तापमान बऱ्यापैकी स्वतः सांभाळतात आणि पाण्याचा प्रश्न मात्र पूर्णपणे आपल्यावर सोडतात. म्हणून उबवणीची सगळी प्रक्रिया मी येथे अंड्यातल्या पाण्याच्या बाजूने समजावून सांगणार आहे.

कोणते अंडे बसवावे

दुकानातले पांढरे अंडे बसवून उपयोग नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा ठेवलेला नसतो, त्यामुळे ती अंडी अफलित असतात. फलित अंड्यांसाठी साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा लागतो. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे शुक्राणू एक ते दोन आठवडे टिकून राहू शकतात, त्यामुळे कोंबडा विकला त्याच दिवसापासून अंडी रिकामी येऊ लागतील असे नसते.

अंडी कोणाकडून घेता यालाही महत्त्व आहे. वनराज आणि गिरिराज या परसबागेसाठी तयार केलेल्या संकरित कोंबड्या आहेत. त्यांची अंडी उबतात, पण पुढच्या पिढीत आईबापांचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. कडकनाथ, असील किंवा आपली साधी गावठी कोंबडी यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते असे गावोगावी सांगितले जाते, त्याला मात्र काहीही आधार नाही. पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते आणि अंडे घातले जाण्याच्या आधीच ठरलेले असते, त्यामुळे यंत्राचे तापमान कमीजास्त करूनही ते बदलत नाही. निम्मे कोंबडे निघणार, हे गृहीत धरूनच अंडी बसवावीत.

अंडे घातले जाते तेव्हा त्यातला गर्भ सुरू झालेला असतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कोंबडीच्या पोटात अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात, त्यांपैकी बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो, आणि तेवढ्या वेळात पिवळ्या बलकावरच्या त्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी तयार होतात. अंडे बाहेर येऊन गार झाले की ही वाढ थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत गर्भ तसाच थांबून राहतो. खुडूक कोंबडी दहा-बारा दिवस रोज एक याप्रमाणे अंडी घालूनही सगळी पिल्ले जवळपास एकाच दिवशी काढते ती यामुळेच. आपणही अंडी गोळा करत असताना ती १२ ते १८ अंशांच्या आसपास, म्हणजे घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि शक्यतो सात दिवसांच्या आत बसवावीत. फ्रीज त्यासाठी फार थंड असतो. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि अशक्त होऊन मरतो; मे महिन्यात गावाकडून आणलेली अंडी अनेकदा फसतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. एसटीने हेलकावे खात आलेली अंडी निदान बारा तास स्थिर ठेवावीत, म्हणजे हवेची पोकळी आपल्या जागी बसते.

मळकी अंडी धुवू नयेत. कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक लेप असतो, तो धुण्याने निघून जातो आणि थंड पाण्यात बुडवलेले अंडे आकसून बाहेरचे जंतू आत ओढून घेते. फार घाण झालेले किंवा तडा गेलेले अंडे सरळ बाजूला काढावे. ३७ अंशांच्या उबेत एक सडके अंडे फुटले तर त्याच्या शेजारची चांगली अंडीही जातात.

अंडे सुकावे का लागते

कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि पाण्याची वाफही बाहेर जाते. गर्भ वाढताना पिवळ्या बलकातली चरबी जाळून आपली ऊर्जा मिळवतो आणि चरबी जळली की पाणी तयार होते, साधारण जितकी चरबी जळते तितक्याच वजनाचे. आत सतत पाणी तयार होत असल्यामुळे तेवढे पाणी बाहेर गेले नाही तर पिल्लाच्या शरीरातच पाण्याचे प्रमाण वाढते आणि ते सुजते. दुसरी गोष्ट अशी की, जितके पाणी बाहेर जाते तितकी रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि याच पोकळीतून पिल्लू आपला पहिला श्वास घेणार असते. पोकळी लहान राहिली तर त्याला श्वासापुरती हवा मिळत नाही आणि आत वळायला जागाही उरत नाही.

याच्या उलट, पाणी फार वेगाने गेले तर पिल्लू लहान आणि अशक्त निघते आणि कवचाच्या आतला पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो. म्हणून दोन्हींच्या मधले प्रमाण लागते. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्क्यांनी कमी व्हायला हवे.

हे मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. समजा २४ गावठी अंड्यांचे मिळून वजन १,००० ग्रॅम भरले. १८ दिवसांत १२ टक्के, म्हणजे १२० ग्रॅम कमी व्हायला हवेत. तेव्हा अठराव्या दिवशी ८८० ग्रॅमच्या आसपास वजन असावे आणि सातव्या दिवशी साधारण ९५३ ग्रॅम. सातव्या दिवशी काटा ९७५ दाखवत असेल तर आत फार दमट आहे, ९२५ दाखवत असेल तर फार कोरडे आहे. अंड्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालून प्रत्येकाचे पहिल्या दिवसाचे वजन वहीत लिहून ठेवले, तर मध्ये काही अंडी बाजूला काढली तरी हिशोब चुकत नाही. आर्द्रतामापकापेक्षा मी या वजनावर जास्त विश्वास ठेवतो, कारण मापक आपल्याला हवेची स्थिती सांगतो आणि वजन प्रत्यक्ष अंड्याची.

तरीही आर्द्रतामापक लागतोच. पंखा असलेल्या यंत्रात पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवावी असे सर्वसाधारण प्रमाण आहे. स्वस्त मापक बरेचदा पाच-दहा टक्क्यांनी चुकतात, म्हणून तो आधी तपासून घ्यावा. बाटलीच्या टोपणात खायचे मीठ घ्यावे, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे आणि ते टोपण मापकासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात बारा तास ठेवावे. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, हे समजून पुढचे आकडे वाचावेत.

आता ट्रेमध्ये पाणी किती घालावे, या प्रश्नाचे उत्तर कोकणात एक आहे आणि मराठवाड्यात दुसरे. हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, ३७.५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेच्या सुमारे दुप्पट बाष्प धरू शकते. त्यामुळे बाहेर २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा यंत्रात शिरून तापल्यावर तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलैमधल्या रत्नागिरीत बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असताना यंत्रात एक थेंबही पाणी न घालता जवळपास ५० टक्के मिळतात, म्हणजे नेमके हवे तितके. माझे भरलेले ट्रे हे त्यावरचे जादा पाणी होते. उलट जानेवारीत छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडे दुपारी २८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल, तर यंत्रात ती १८ टक्क्यांवर येते आणि तेथे ट्रे भरल्याशिवाय चालणारच नाही. छापील कागद सगळ्या देशासाठी एकच असतो. आपल्या खोलीतली हवा आपणच पाहावी लागते.

आर्द्रता पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसते, पाण्याचा पृष्ठभाग किती उघडा आहे त्यावर असते. उथळ पसरट ताटलीतले अर्धा इंच पाणी खोल वाटीभर पाण्यापेक्षा जास्त दमटपणा देते. आर्द्रता वाढवायची असेल तर भोके बंद न करता ताटली मोठी करावी. वाढत्या गर्भाला ऑक्सिजन लागतो आणि शेवटच्या आठवड्यात तो बराच जास्त लागतो, म्हणून हवेची भोके कधीही बुजवू नयेत.

ऊब

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतो, त्याच्यावर हे ९९.५ दिसते, म्हणजे माणसाला अंगात कणकण असताना दिसणारा आकडा. हा थर्मामीटर घरातल्या इतर कोणत्याही मापकापेक्षा या पट्ट्यात अधिक अचूक असतो, म्हणून यंत्राचा सेन्सर आणि तो थर्मामीटर कोमट पाण्याच्या एकाच भांड्यात धरून आकडे ताडून पाहावेत. थर्मोकोलच्या पेटीत बल्ब लावून घरी केलेल्या बिनपंख्याच्या यंत्रात वरची हवा गरम आणि खालची थंड असते. तेथे अंड्यांच्या वरच्या कडेच्या पातळीवर ३८.५ अंश ठेवावे लागतात, तेव्हा अंड्याच्या मध्याला योग्य ऊब मिळते.

इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवण्याची पद्धत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तेथील कामगार अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब पारखत असत. पापणीची त्वचा पातळ असते आणि सवयीने तिला फरक कळू लागतो. आपली खुडूक कोंबडी पोटाच्या उघड्या त्वचेने हेच काम करते.

ऊब थोडी कमी झाली तर वाढ मंदावते आणि पिल्ले एखादा दिवस उशिरा निघतात. ऊब जास्त झाली तर मात्र नुकसान लगेच होते. ४० अंशांच्या वर काही तास गेले तरी गर्भ मरू शकतात. म्हणून यंत्र खिडकीच्या उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. यंत्रात तापवण्याची सोय असते, थंड करण्याची नसते, हे विदर्भातल्या उन्हाळ्यात फार जाणवते. खोलीच ४२ अंशांवर गेली तर पेटी ३७.५ वर आणता येत नाही, त्यामुळे तेथे एप्रिल-मे टाळलेलाच बरा.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नये. कोंबडीही दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्यासाठी उठते आणि अंडी गार होतात. पहिल्या दहा दिवसांत पेटीवर घोंगडी टाकून दोन-तीन तास सहज निभावता येतात. दोन आठवड्यांनंतर गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात, त्यामुळे तेव्हा थंडीची भीती कमी होते आणि पंखा बंद पडून आतली हवा कोंदण्याची भीती वाढते. त्या काळात घोंगडी भोकांवरून बाजूला ठेवावी. आमच्याकडे पावसात वीज सारखी जाते, म्हणून दुसऱ्या खेपेला मी यंत्र इन्व्हर्टरवर जोडले.

अंडी ठेवण्याआधी यंत्र पूर्ण २४ तास रिकामे चालवून पाहावे. अंडी ठेवल्यावर आकडा खाली येतो, तो पुन्हा वर चढायला काही तास लागतात आणि त्या वेळात बटणे फिरवू नयेत.

फिरवणे आणि पाहणे

पहिल्या दिवसांत पिवळा बलक वर तरंगतो आणि त्याच्यावरचा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला टेकतो. अंडे तसेच पडून राहिले तर तो तेथे चिकटतो. फिरवल्यामुळे तो सुटा राहतो, कवचाच्या आतून पसरणारे रक्तवाहिन्यांचे जाळे सगळीकडे नीट पसरते आणि पांढरा बलक गर्भाला पूर्ण वापरता येतो. हाताने फिरवायचे असेल तर दिवसातून निदान तीन वेळा, शक्यतो पाच वेळा फिरवावे. संख्या विषम ठेवतात, कारण मग रात्रीचा मोठा काळ रोज वेगळ्या बाजूवर जातो. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवला की कोणते राहिले ते कळते. हात साबणाने धुतलेले असावेत.

दिवस मोजताना बहुतेकांचा गोंधळ होतो. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरावा. शनिवारी संध्याकाळी बसवलेल्या अंड्यांचा सातवा दिवस पुढच्या शनिवारी, अठरावा दिवस तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आणि पिल्ले त्यानंतरच्या शनिवारी, असा हा हिशोब आहे. बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात आणि जपानी लाव्ह्यांना १७ ते १८, म्हणून वेगवेगळ्या पक्ष्यांची अंडी एकत्र बसवू नयेत.

सातव्या दिवशी रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरावी आणि अंड्याचे रुंद टोक तिच्यावर टेकवावे. अंडे आतून नारिंगी उजळते. फलित अंड्यात एका गडद ठिपक्यापासून लाल धाग्यांसारख्या शिरा चहूकडे गेलेल्या दिसतात, पाय पसरून बसलेल्या कोळ्यासारख्या. तो गडद ठिपका म्हणजे डोळा. अंडे अर्धा मिनिट स्थिर धरले तर तो ठिपका हलताना, झुलताना दिसतो. हृदय तर दुसऱ्या दिवशीच ठोके घेऊ लागलेले असते. माझ्या आईने आयुष्यभर कोंबड्या बसवल्या, पण अंड्याच्या आत हलणारे पिल्लू तिने पहिल्यांदा त्या रात्री पाहिले आणि बराच वेळ अंडे हातातून खाली ठेवले नाही.

शिरा अजिबात नसतील आणि अंडे काचेसारखे स्वच्छ दिसत असेल तर ते अफलित आहे. शिरा नसून फक्त एक लाल कडे दिसत असेल तर गर्भ सुरू होऊन मेला आहे. ही दोन्ही काढून टाकावीत. शंका असेल ते अंडे चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्यावे. याच वेळी हवेच्या पोकळीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारावी. चौदाव्या दिवशी आणि अठराव्या दिवशी पुन्हा मारावी. या तीन रेघा एकमेकींपासून किती सरकल्या, हे पाहून पाण्याचा हिशोब काट्याशिवायही डोळ्यांना कळतो. माझ्या पहिल्या खेपेच्या अंड्यांवर या रेघा जवळजवळ एकमेकींवर आल्या होत्या आणि त्यांचा अर्थ मला तेव्हा समजला नव्हता. चौदाव्या दिवशी आर्द्रता कमी केली असती तरी काही पिल्ले वाचली असती असे मला वाटते.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी सगळे नियम उलटतात. फिरवणे पूर्ण बंद करायचे, कारण पिल्लू डोके रुंद टोकाकडे करून, चोच उजव्या पंखाखाली धरून बाहेर येण्याच्या स्थितीत बसत असते. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची. मोठ्या हॅचरीत या टप्प्याला अंडी सेटरमधून हॅचरमध्ये, म्हणजे वेगळ्याच यंत्रात, हलवली जातात. आपल्याकडे एकच पेटी असते, तेव्हा फिरवणीची जाळी काढून खाली खरखरीत गोणपाट किंवा जाळीदार रबर अंथरावे. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि तो दोष पुढे राहू शकतो.

आधी सुकू द्यायचे आणि शेवटी ओले ठेवायचे, यात विसंगती नाही. अठराव्या दिवसापर्यंत पाणी अंड्याच्या आतून जायला हवे होते. आता कवच फुटणार असते आणि फुटलेल्या जागेतून कोरडी हवा आत गेली की पापुद्रा काही मिनिटांत चामड्यासारखा कडक होतो आणि पिल्लाला जखडून ठेवतो. हा ओलावा पापुद्रा मऊ राहावा म्हणून लागतो.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत डोके घालते आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेते. तोवर त्याला हवा कवचाला आतून चिकटलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मिळत होती. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. पोकळीतली हवा कमी होऊन कार्बन डायऑक्साइड वाढतो, मानेच्या मागचा एक खास स्नायू आचके देऊ लागतो आणि चोचीवरचा तो टणक कण कवचावर आपटून पहिला टोचा पडतो. त्यानंतर पिल्लू थांबते. बारा तास, कधी अठरा तास, काहीही घडत नाही आणि बाहेरच्या माणसाला वाटते की ते थकले किंवा मरत आहे. प्रत्यक्षात या वेळात रक्तवाहिन्यांतले रक्त पिल्लाच्या शरीरात ओढले जात असते आणि उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात घेतला जात असतो. या वेळी कवच सोलून मदत केली तर शिरा फाटतात आणि पिल्लू रक्तस्राव होऊन मरते. काम पूर्ण झाल्यावर ते आत गोल फिरत कवच कापू लागते आणि मग तासाभरात टोपी उडवल्यासारखे रुंद टोक बाजूला सारून बाहेर येते.

झाकण उघडण्याची इच्छा या दोन दिवसांत अनावर होते. एकदा उघडले की आर्द्रता एका झटक्यात ३०-३५ टक्के खाली येते आणि अर्धवट फुटलेल्या इतर अंड्यांचे पापुद्रे वाळतात. आधी निघालेली पिल्ले आत ओली धडपडत असली तरी त्यांना भूक नसते. पोटात घेतलेला बलक त्यांना दोन ते तीन दिवस पुरतो. एक दिवसाची पिल्ले खोक्यातून दूरवर पाठवता येतात ती याच शिदोरीवर. म्हणून दिवसातून फार तर एकदा, वाळून फुललेली पिल्ले चटकन बाहेर काढून झाकण लावावे. पहिल्या टोच्यानंतर २४ तास उलटले, पिल्लू ओरडते आहे आणि पापुद्रा पांढरा कोरडा पडला आहे, तेव्हाच कोमट पाण्याच्या बोळ्याने पापुद्रा भिजवून थोडे कवच काढावे आणि लाल शीर दिसताच थांबावे.

बाहेर काढलेल्या पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि ती दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करायची असते. पिल्ले बल्बखाली गठ्ठ्याने जमली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच वासून धापा टाकत असली तर गरम होते आहे, आणि सगळीकडे विखुरलेली असली तर ठीक आहे. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावे, मग मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचे खाद्य द्यावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवावे, कारण लशीची एक कुपी अनेक पिल्लांसाठी असते आणि दोन-तीन घरांनी मिळून आणणे सोयीचे पडते.

तेविसाव्या दिवशी यंत्र बंद केल्यावर न फुटलेली अंडी टाकून देऊ नयेत, घराबाहेर नेऊन फोडावीत. ते काम जड जाते, पण पुढच्या खेपेची माहिती त्यांच्यातच असते. गर्भ पहिल्या आठवड्यात मेलेला असेल तर साठवण, प्रवास किंवा सुरुवातीचे तापमान तपासावे. पूर्ण वाढलेले, फुगलेले आणि ओले पिल्लू असेल तर पाणी कमी गेले. पूर्ण वाढलेले, पण लहान आणि पापुद्र्यात गुंडाळले गेलेले असेल तर पाणी जास्त गेले किंवा शेवटी झाकण उघडले गेले. अनेक अंडी एकदम एकाच वयात गेलेली असतील तर त्या दिवशी वीज किंवा तापमान यांचे काय झाले होते, ते वहीत शोधावे.

दुसऱ्या खेपेला, ऑगस्टमध्ये, मी ट्रे पूर्ण कोरडे ठेवले. २४ अंड्यांपैकी २१ फलित निघाली. त्या २१ अंड्यांचे पहिल्या दिवशीचे वजन ८९० ग्रॅम होते, अठराव्या दिवशी ते ७८५ ग्रॅम भरले, म्हणजे ११.८ टक्क्यांची घट. पेन्सिलीच्या तिन्ही रेघा एकमेकींपासून स्पष्ट अंतरावर होत्या. त्या बुधवारी रात्री मी पहिल्यांदा ट्रेमध्ये पाणी ओतले, झाकण लावले आणि शनिवारपर्यंत उघडले नाही. शनिवारी १७ पिल्ले बाहेर होती, आणि रविवारी पहाटे अठरावे आले.